धाकटा तापट आहे

परवापासून आमच्या घरात सगळे पुन्हा पोटभर जेवायला लागले आहेत, म्हणून मला हे हसत सांगता येतंय. चार दिवसांपूर्वी कोणी दादाबद्दल विचारलं असतं, तर मी माझ्या सख्ख्या भावाविषयी नको ते बोलून बसलो असतो. खरं सांगायचं तर बोललोच. जिन्यात उभं राहून, शेजाऱ्यांना स्पष्ट ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पण ते पुढे येईलच.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात, मागच्या खोलीत बसून तो ग्राफिक्स कार्डं मोजतो. मोजतो म्हणजे वजन करत नाही. कॉम्प्युटरच्या पोटात चित्र काढण्याचं काम करणारी एक पाटी असते, वर दोन-तीन पंखे बसवलेली, तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. दर वर्षा-दोन वर्षांनी बाजारात नवी पाटी येते आणि तिच्या खोक्यावर ती जुनीपेक्षा किती पट वेगवान आहे ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. खोक्यावर विश्वास नसलेली माणसं आपली जुनी आणि ती नवी, दोन्ही घेऊन दादाकडे येतात. दादा दोघींना एकाच मशीनमध्ये आळीपाळीने बसवतो, एकच काम करायला लावतो, कोणाला किती वेळ लागला ते वहीत लिहितो आणि शेवटी एका ओळीत निकाल देतो. एवढंच त्याचं काम. पण आमच्या भागात त्या एका ओळीला मोठा मान आहे.

कपाळावर चढवलेला चष्मा, कानामागे पेन्सिल, शर्टाच्या खिशात पंख्यांची धूळ झाडायचा रंगाचा ब्रश. बोलणं इतकं बेताचं, की वहिनी म्हणते, "लग्नाच्या दिवशी ह्यांनी एक वाक्य सुरू केलंय, ते अजून संपायचंय." कार्डांना मात्र त्याने माणसांची नावं दिली आहेत. जुनं कार्ड म्हणजे थोरला आणि नवं म्हणजे धाकटा. "थोरल्याला चौदा मिनिटं, धाकट्याला नऊ," असं तो गिऱ्हाइकाला सांगतो, आणि नवीन माणूस असेल तर तो बिचारा खोलीत आणखी कोण आहे ते शोधू लागतो.

एकदा घरांचे नकाशे काढणारे एक गृहस्थ झोकात नवं कार्ड घेऊन आले. ते कार्ड दादाच्याच दुकानातून, पुढच्या काउंटरवरून, मालकांनी त्यांना आदल्या दिवशी विकलेलं. दादाने मोजलं आणि सांगितलं, "तुमच्या कामाला दोन्ही सारखेच. धाकटा परत करा." मालकांच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यांनी दादाला बाजूला घेऊन विचारलं, की बाबा रे, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस? दादा म्हणाला, "वहीच्या." त्या गृहस्थांनी पुढे इतकी माणसं दुकानात पाठवली, की मालकांनी तोंडातून पुन्हा चकार शब्द काढला नाही.

आता दादाची कामाची पद्धत सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

शेजारी सुताराचा कारखाना आहे. त्याचा भुसा उडून दादाच्या खोलीत येतो आणि पंख्यांत जाऊन बसतो. म्हणून दादाने त्याच सुताराकडून काचेच्या दाराचं एक कपाट करून घेतलं. त्यात मशीन ठेवायचं, दार लावून घ्यायचं आणि बाहेरून पाहायचं. पाठीमागे हवेला छोटीशी जाळी. कपाटाच्या डोक्यावर दादाचा जेवणाचा डबा. सकाळी पहिली पाळी थोरल्याची. "मोठ्याचा मान आधी," हे त्याचं ठरलेलं. आधी वेळ मोजायचं चित्र, मग बाकीच्या चाचण्या, असं थोरल्याचं काम दोनेक तास चालायचं, साडेबाराच्या सुमारास दादा त्याला काढून धाकट्याला बसवायचा, दार लावायचा, काम सुरू करून द्यायचा आणि डबा उघडायचा. धाकट्याची परीक्षा चालू असताना दादा जेवायचा. असं तीन दिवस. "तीनदा मोजलं की चूक राहत नाही," असं तो म्हणायचा, आणि आम्ही सगळे माना डोलवायचो.

डब्याबद्दल तो फार खूश असायचा. पूर्वी जेवण गार असायचं; गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र डबा आपोआप गरम मिळू लागला होता. "कपाटाची ऊब," तो वहिनीला कौतुकाने सांगायचा. ह्या कौतुकात काय दडलं होतं ते ना त्याला कळलं, ना आम्हांला.

माझी ओळख राहिलीच. मी पडदे शिवतो. घरांचे, दवाखान्यांचे, एकदा तर सभागृहाचाही शिवला होता. दादा तळमजल्यावर राहतो, मी वर. माझ्या नाकावर राग असतो, असं सगळे म्हणतात. बाबांनीच तो शिक्का मारला. लहानपणी रोज संध्याकाळी ते आम्हां दोघांना पाढे म्हणायला उभं करायचे. आधी दादा, मग मी. दादा सोळापर्यंत सुरळीत जायचा आणि सतराच्या पाढ्यात सातव्या घरावर ठेचकाळायचा. हटकून. रोज. बाबा एकदा समजावायचे, दोनदा समजावायचे, मग त्यांचा पारा चढायचा, आणि तो चढलेला असतानाच माझा नंबर लागायचा. मी तोंड उघडायच्या आत, "नीट उभा राहा! काय पुटपुटतोस!" असं सुरू व्हायचं. मग मीही फुरंगटून पाटी आपटायचो. पाहुणे आले की बाबा ओळख करून द्यायचे, "हा थोरला, शांत आहे. धाकटा तापट आहे." पाहुणे हसायचे. मी आणखी फुरंगटायचो, आणि बाबांचं म्हणणं खरं ठरायचं.

माझी मुलगी मात्र दादाची लाडकी. लहानपणी तिचं तोंड दिवसभर बंद व्हायचं नाही, म्हणून दादानेच तिला साळुंकी म्हणायला सुरुवात केली, आणि आता ती चोवीस वर्षांची घोडी झाली तरी घरात तिला तेच नाव. साळुंकी एका स्टुडिओत काम करते. शाळेच्या पुस्तकातले धडे हलत्या चित्रांत बसवायचं काम. पान झाड सोडून जमिनीवर कसं येतं, मुंगी वारूळ कसं बांधते, असलं सगळं ती पडद्यावर घडवते. सहा महिन्यांच्या उमेदवारीवर लागली होती आणि सहावा महिना संपत आला होता.

आता ह्या साळुंकीने गप्प बसावं की नाही? पण नाही. तिने स्टुडिओच्या बाईंना चार पानी अर्ज लिहिला. आपली सगळी मशीनं जुनी कार्डं वापरतात, एका धड्याचं चित्र तयार व्हायला दिवस जातो, नवी कार्डं घेतली तर अर्ध्या वेळेत होईल, वगैरे. तिथे दहा-दहा वर्षं काम करणारी माणसं होती. त्यांना ते काही रुचलं नाही. बाई शहाण्या. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. एक जुनं आणि एक नवं कार्ड मोजून घेऊ. तुझं म्हणणं बरोबर निघालं तर कार्डंही येतील आणि तूही कायम होशील. चूक निघालं तर मात्र मला विचार करावा लागेल. न तपासता एवढं ठासून सांगणारं माणूस मला नकोय." निकाल शुक्रवारी.

आणि मोजायला कार्डं कोणाकडे गेली? ह्या भागात मोजणारा माणूस एकच. दादाने बाईंना आधीच सांगून टाकलं, की ही माझी पुतणी आहे, तुम्ही दुसरीकडे जा. बाई म्हणाल्या, "तुमची वही मला माहीत आहे. तुम्हीच मोजा."

साळुंकी घरी नाचत आली. काका मोजणार म्हटल्यावर तिला वाटलं काम फत्ते. मला तर वाटलं, आता फक्त पेढ्यांचं खोकं कुठून आणायचं तेवढंच ठरवायचं.

तीन दिवस दादाने मोजलं. बुधवारी संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि साळुंकीला खाली बोलावलं. मीही मागोमाग गेलो. त्याने वही उघडून तिच्यापुढे ठेवली. मुंग्यांच्या धड्यातलं एकच चित्र दोन्ही कार्डांना तयार करायला दिलं होतं. थोरल्याला चौदा मिनिटं. धाकट्याला साडेबारा. खाली पेन्सिलने निकाल: "फरक आहे, पण बदलण्याजोगा नाही. धाकटा तापट आहे."

"तापट म्हणजे?" साळुंकीने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक मी आधी कधी ऐकला नव्हता.

"फार लवकर गरम होतो," दादा म्हणाला. "गरम झाला की जळू नये म्हणून स्वतःच हळू चालतो. नवीन पिढीची खोड दिसतेय."

साळुंकी वर निघून गेली. दार लावून घेतलं आणि जेवायला आलीच नाही. त्या मुलीच्या तोंडाला कुलूप लागलेलं पाहणं म्हणजे काय, ते बापालाच माहीत.

मग मी डोक्यात राख घालून घेतली. खाली जाऊन दादाला म्हणालो, "अजून वही दिलेली नाहीस ना? मग साडेबाराच्या जागी नऊ लिही. एका आकड्याने तुझं काय जातंय?"

दादा म्हणाला, "वाकवलेला आकडा उद्या तिच्याच अंगावर पडेल. कार्डं आली आणि कामाचा वेग वाढला नाही, तर बाई कोणाला विचारतील?"

बोलणं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त झोंबलं. मी जिन्यात येऊन ओरडलो. काय काय ओरडलो ते सगळं सांगत नाही. "तुझ्या वहीलाच मांडीवर घेऊन बस म्हातारपणी," हे एक आठवतंय.

गुरुवारी सकाळी वहिनी वर आली. हातात दादाचा डबा. "विसरून गेले," ती म्हणाली. "तीस वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही नेऊन द्या भावजी, आणि दोन शब्द नीट बोलून या. तुम्ही दोघे भाऊ एकाच शेगडीवरची दोन भांडी, एक आतल्या आत आटतं आणि एक उतू जातं. पुसायला मी." मी नाही म्हणणार होतो. पण वहिनीला नाही म्हणायची आमच्या घरात अजून कोणाची छाती झालेली नाही.

दहाला दुकानात पोचलो. मागच्या खोलीत पाहतो तर दादा पुन्हा तीच कार्डं घेऊन बसलेला. थोरला कपाटात, पंखे फिरताहेत, दादा काचेतून बघतोय.

"तीनदा मोजलंस ना?" मी विचारलं.

"चौथ्यांदा मोजतोय," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "झोप लागली नाही."

तीनदा मोजलं की वही मिटणारा हा माणूस. माझा राग तिथल्या तिथे निम्मा झाला, पण तसं दाखवलं तर तो मी कसला. "डबा आणलाय," मी घुश्शातच म्हणालो. "वर ठेव," तो म्हणाला. मी तो कपाटावर ठेवला आणि एका खोक्यावर बसून राहिलो. जायचं काही सुचेना. पलीकडे सुताराचा रंधा चालू होता.

साडेबाराला थोरल्याचं काम संपलं. दादाने दार उघडलं, थोरल्याला बाहेर काढलं, धाकट्याला बसवलं, पुन्हा दार लावलं आणि काम सुरू करून दिलं. मग म्हणाला, "दोन घास खा माझ्याबरोबर." भांडणानंतर दादाची माफी ही अशीच असते, आणि माझीही. मी उठलो आणि डबा उचलायला हात घातला.

चटका बसला. साधासुधा नाही, बोटं तोंडात घालावी लागली एवढा.

"अरे, हा तर चुलीवरून उतरवल्यासारखा आहे!"

"मग," दादा पहिल्यांदाच जरासा हसला. "सांगत नव्हतो? थोरल्याची कृपा."

मी फडक्याने धरून डबा खाली घेतला. झाकण काढलं तर बटाट्याच्या भाजीतून वाफा. घरातून निघताना ही भाजी गार होती, हे मला माहीत होतं, मीच तर आणली होती. मी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे पाहिलं. आत धाकट्याचे पंखे आत्ताच जोरात घोंगावत होते. काम सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते. एक कापड धुऊन मापायचं आणि दुसरं कोरं मापायचं, असं चालत नाही. दोन्ही धुऊन मापा नाहीतर दोन्ही कोरी मापा. नाहीतर पडद्याचा एक पल्ला जमिनीवर लोळतो आणि दुसरा गुडघ्याशी लोंबतो. हे मी दोन गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन शिकलो आहे.

"दादा," मी म्हणालो, "थोरला गार कपाटात बसला ना?"

"हो. सकाळी."

"आणि धाकटा?"

दादाचा घास हातातच राहिला. तो कपाटाकडे बघत राहिला. मग सावकाश उठला, दार उघडून आत हात घालून चाचपलं. शेवटी म्हणाला, "आतली हवाच तापलेली आहे."

"तुझा थोरला दोन तास शेगडी पेटवून जातो," मी म्हणालो, "आणि मग त्या भट्टीत धाकट्याला बसवून तू म्हणतोस, हा तापट!"

दादा मटकन स्टुलावर बसला. "पूर्वीची कार्डं लहान होती," तो पुटपुटला. "त्यांनी डबा कोमटही व्हायचा नाही. ही नवी मोठी कार्डं यायला लागली आणि डबा गरम व्हायला लागला. मी खूश झालो. नुसता खूश झालो." त्याने कपाळावरचा चष्मा काढला आणि हातात धरून बसला. "तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एकाच क्रमाने. चूकच तीनदा मोजली."

मला त्याची दया आली, हे खोटं नाही. पण त्याच वेळी हायसंही वाटलं. लोक म्हणतात जीव भांड्यात पडला. आमचा जीव त्या दिवशी डब्यात पडला.

आम्ही काम बंद केलं. दार सताड उघडं टाकलं, मालकांच्या काउंटरवरचा टेबलफॅन उचलून आणून कपाटापुढे ठेवला. मालक "अहो, अहो" करत मागे आले आणि प्रकार ऐकून तेही तिथेच उभे राहिले. सुतारही रंधा ठेवून दारात आला. डबा चौघांत संपला. दोनच्या सुमारास दादाने कपाटात हात घातला, मग माझाही हात धरून आत घातला. "गार?" "गार."

"आज धाकट्याचा मान आधी," दादा म्हणाला आणि धाकट्याला बसवलं.

मुंग्यांचं तेच चित्र. आम्ही चौघं काचेसमोर. आठ मिनिटं वीस सेकंद.

मालकांनी टाळी वाजवली. दादाने हात वर करून त्यांना थांबवलं आणि ते चित्र पुन्हा केलं, आणखी एकदा केलं. आठ मिनिटांच्या पुढेमागेच. मग मध्ये न थांबता, गरम कपाटातच थोरल्याला बसवलं. थोरल्याला सोळा मिनिटं लागली. शांत म्हणून नावाजलेला थोरला आतमध्ये नुसता धापा टाकत होता.

"थोरलाही तापतो," दादा म्हणाला.

"लिही," मी म्हणालो. "लिही, लिही." मला फार बरं वाटत होतं.

पण हा माणूस कसला आहे बघा. संध्याकाळपर्यंत त्याने कपाट पुन्हा गार करून थोरल्यालाही रीतसर मोजलं. चौदा मिनिटं, बरोबर पहिल्यासारखी. त्यावर साध्या सपाट चित्रांचंही काम दोघांना दिलं, आणि त्यात दोन्ही सारखे निघाले. तेही त्याने लिहिलं. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणे, "खरं आहे म्हणून." तेव्हा मला कळलं, की काल त्याने आकडा वाकवला नाही म्हणूनच आज ह्या आकड्याला किंमत आहे. हे मी त्याला बोलून दाखवलं. असलं बोलायची मला सवय नाही, त्यामुळे कान गरम झाले.

शुक्रवारी सकाळी दादा स्वतः स्टुडिओत गेला. दहा-दहा वर्षं काम करणारी ती सगळी माणसं बसलेली होती, साळुंकी कोपऱ्यात होती, आणि दादाने बाईंपुढे वही उघडून सांगितलं, "वहीतला आधीचा निकाल चुकीचा होता. कार्ड चुकलं नव्हतं, मी चुकलो होतो. मुलीने जे लिहिलंय ते हलत्या, भरगच्च चित्रांसाठी बरोबर आहे. सपाट चित्रांसाठी नाही. तेवढ्या मशीनांना जुनीच कार्डं राहू द्या." हे मला साळुंकीने सांगितलं. बाईंनी विचारलं, चूक कशी सापडली? दादा म्हणाला, "माझ्या धाकट्या भावाला चटका बसला."

बाई हसल्या. हलत्या चित्रांची जी मशीनं होती, त्यांना नवी कार्डं आणायचं ठरलं. आणि साळुंकी कायम झाली. संध्याकाळी ती घरात शिरली तीच बोलत बोलत, जेवताना बोलली, ताट धुतानाही बोलत होती. वहिनी म्हणाली, "दोन दिवस घर किती शांत होतं नाही?" आणि डोळे पुसले.

शनिवारी दुपारी मी दादाकडे दुकानात गेलो. त्याने जुन्या वह्या काढल्या होत्या. डबा गरम व्हायला लागल्यापासूनचे सगळे निकाल तो एकेक करून तपासत होता. "जुनाच ठेवा" असं ज्यांना सांगितलं होतं, त्या सगळ्यांना फोन करून बोलावलं होतं, पुन्हा मोजून देतो म्हणून. सकाळपासून काहीजण येऊन गेले होते. त्यांतल्या एकाचाच निकाल फिरला होता, आणि तो गृहस्थ म्हणाला होता, की माझं जुन्यावर छान चाललंय, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता. दादाचा चेहरा आज उतरलेला नव्हता. डबा आता खिडकीत ठेवला होता. "गार जेवतो," तो म्हणाला. "सवय होईल."

मग त्याने स्टुडिओचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. "धाकटा तापट आहे" ह्या ओळीवर काट मारलेली होती. खाली लिहिलं होतं, "धाकटा तापट नाही. कपाट तापलेलं होतं."

मी वाचलं आणि वही परत दिली.

दादा पेन्सिल कानामागे खोचत म्हणाला, "सतराच्या पाढ्याला मी अडायचो. बाबा तापायचे. मग तुझा नंबर यायचा." बाबांविषयी एवढं लांबलचक बोलणं त्याने आयुष्यात केलं नव्हतं. "मला तेव्हाही कळायचं," तो म्हणाला. "पण मी कधी म्हटलं नाही, की आज ह्याला आधी उभा करा."

"जाऊ दे रे," मी म्हणालो.

"नाही. म्हण आता. सतराचा. आज तू आधी."

मी चोपन्न वर्षांचा आहे. पुढे काउंटरवर मालक गिऱ्हाइकाशी बोलत होते, पलीकडे सुतार होता. मी तरीही उठून नीट उभा राहिलो, आणि सतरा एके सतरापासून सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत कुठेही न अडखळता म्हटला. सातवं घरही गेलं. सतरा साती एकशे एकोणीस. दादा डोळे मिटून ऐकत होता.

"आता तू," मी म्हणालो.

तो सुरळीत निघाला, सहाव्या घरापर्यंत आला, आणि सातव्यावर थांबला. आठवेना. आम्ही दोघेही एवढे हसलो, की मालक आत डोकावून गेले. मी त्याला आकडा सांगितला नाही. बसून राहिलो, घाई केली नाही, आणि थोड्या वेळाने त्याचा त्यालाच आठवला.